सांगली ते वाई : मामांचं खरं वय आणायला

वाईला लोक कृष्णेचा घाट बघायला जातात. सत्तरच्या दशकात मी पहिल्यांदा गेले ती मामांचं वय आणायला.

सांगलीजवळच्या एका कोळशाच्या वीजघरात मामा बॉयलरमध्ये फावड्यानं कोळसा टाकायचे. कोयनेची वीज आली आणि ती म्हातारी यंत्रं बंद करायचं ठरलं. पन्नाशीच्या आतल्या कामगारांनाच दुसरीकडे घेणार होते. कागदावर मामा बावन्नचे, प्रत्यक्षात सेहेचाळीसचे. नोकरीसाठी त्यांनी पोरवयात सहा वर्षं वाढवून सांगितली होती. मी नुकतीच मास्तरीण झालेली. “वाईच्या तुमच्या शाळेच्या रजिस्टरात खरी तारीख असणारच,” मी म्हटलं. अंगात शहाणपण नुसतं उतू जात होतं!

पहाटेची एसटी धरली. कराडला गाडी बरीच थांबते, तिथे भजी खाऊन घ्यावीत. पुढे साताऱ्यापर्यंत धड काही मिळत नाही. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक हादऱ्याला मामांना खोकल्याची उबळ यायची, रुमाल काळा व्हायचा. एक शेतकरी आपली जागा सोडून उठला. “आवं आजोबा, खिडकीला बसा. वारं लागंल.”

तो मामांच्याच वयाचा असेल. मामा खिडकीशी सरकले.

पाचवडच्या फाट्यावरून गाडी वाईकडे वळली, तशी उसाची हिरवीगार शेतं लागली. मामांना मात्र शाळाच आठवत होती. “चौथीत व्हतो. बा गेला, तवा पाटी ठिवली अन् फावडं धरलं.”

हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढलं. नाव सापडलं, तारीखही. दाखला हातात पडल्यावर आम्ही घाटावर बसून भाकरी खाल्ली. मामा हसले. “आता अजून लय वरसं काम करतो बघ, पोरी.”

दुसऱ्या दिवशी वीजघराच्या साहेबांनी दाखला दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाले, “म्हणजे लागलात तेव्हा बाराचे होता. खोटं वय सांगून नोकरी धरली, असं वर कळलं तर आजवरची सगळी नोकरी रद्द होईल. पाठवू हा कागद?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रजिस्टराची कल्पना माझी, हट्टही माझा. “नगं, सायेब. बावनच ऱ्हाऊ द्या,” म्हणत त्यांनी दाखला घेतला आणि माझ्या हातात दिला.

वीजघर बंद झालं. मामा घरी बसले आणि पाच वर्षांत छातीच्या दुखण्यानं गेले.

वाईला जरूर जा, घाट सुंदर आहे. माझ्याकडे त्या प्रवासातला एवढा दाखलाच उरलाय. मृत्यूची नोंद करायला तो मी पर्समध्ये घेऊन गेले होते. कारकुनानं वय विचारलं. खरं वय सांगून जुनं प्रकरण उकरलं गेलं, तर मामीचं पेन्शन अडायचं. पर्स तशीच घट्ट धरून मी सांगितलं, “सत्तावन्न.”