सहामाही फोटो

आमच्या सरांनी पेशंटला नुसतं "आ करा" म्हटल्याचं मला आठवत नाही. पेशंट खुर्चीत टेकला, की सर माझ्याकडे बघून बोट वर करायचे. म्हणजे एक्स-रे काढ. तोंडात डोकावायचं ते त्यानंतर, तेही वेळ उरला तर. संभाजीनगरात जालना रस्त्याच्या आतल्या गल्लीत त्यांचा दातांचा दवाखाना होता आणि दातांच्या डॉक्टरकीची पदवी हातात पडल्यावर मी तिथेच पहिली नोकरी धरली होती.

"दर सहा महिन्याला फोटो. आपल्याकडं भेदभाव नाय," असं सर छाती काढून सांगत. खरंच नव्हता. दुधाचे दात हलणारी पोरं काय आणि ठणठणीत दातांचे तरुण काय, सगळ्यांना एकच माप. सिल्लोडच्या एका आजीबाईंच्या तोंडात कवळीखेरीज काही नव्हतं, त्यांचाही फोटो काढायला लावला. कुणाचे दात वरचेवर किडतात, कुणाला दोन-तीन वर्षं फोटो नसला तरी चालतं, हे ठरवायला आधी तोंड बघावं लागतं. तेवढे कष्ट या गृहस्थाला नको होते. लोक त्यांना लोभी म्हणत. लोभी माणूस निदान डोकं तरी चालवतो. सर निव्वळ आळशी होते.

चितेगावच्या कारखान्यातला एकजण दुसरीकडे महिनाभरापूर्वीच काढलेला एक्स-रे घेऊन आला. सरांनी तो पाकिटातून बाहेरसुद्धा काढला नाही. "दुसऱ्याच्या मशीनचं आपल्याला काय करायचंय भाऊ? आपलं जर्मनीचं आहे," म्हणाले. फोटो निघाला की तो पेशंटच्या व्हॉट्सॲपवर गेलाच पाहिजे, हा त्यांचा दंडक. पाठवायचं काम माझं. लोक खूश होऊन गावभर दाखवत.

माझे वडील वैजापूरला असतात. आबांना या दवाखान्यात मीच आणलं. लेक डॉक्टर झाली या कौतुकापोटी ते तीन वर्षं न चुकता आले. सहा वेळा फोटो निघाले. सर कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाठ करून "झकास" म्हणायचे, आणि सरांनी पाहिलंय म्हणून मी न बघता पाठवून द्यायचे. मग एके दिवशी भाकरी चावताना आबांचा जबडा मोडला.

मोठ्या दवाखान्यात कळलं, आत गाठ वाढून हाड पोखरलं होतं. बाहेरच्या बाकावर बसून मी आबांच्या मोबाइलवरचे सहाही फोटो ओळीने पाहिले. खालच्या दाढेखाली पहिल्या फोटोत ज्वारीच्या दाण्याएवढा डाग, तिसऱ्यात हरभऱ्याएवढा, सहाव्यात सुपारीएवढा. पहिल्याच वर्षी कुणी पाहिला असता तर एका दाढेवर भागलं असतं. आता जबड्याचा एक तुकडाच काढावा लागणार होता. मला सरांची शिसारी आली.

ऑपरेशननंतर सर शहाळी घेऊन भेटायला आले. "आबा, आपल्याकडून हयगय झाली नाय. सहा महिन्याला फोटो काढलाच होता," स्टूल ओढत ते म्हणाले.

आबांना नीट बोलता येत नव्हतं. पट्टीआडून, थांबत थांबत म्हणाले, "लई काढले. बघितले का कुणी?"

सर माझ्याकडे बघू लागले. आबांनीही मान माझ्याकडे वळवली.

"नाय आबा," मी म्हणाले. "मी पण नाय."