वारुळाची पहिली टोपली

दाराच्या चौकटीवर चढलेली उधईची, म्हणजे वाळवीची, माती खरवडली की तिचा ओलसर वास नाकात जातो आणि मला इंग्रजांच्या राज्यातली ती सकाळ आठवते, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवसाची. नवरा मी पाहिलाही नव्हता. आमच्यात लग्नाची चूल वारुळाच्या मातीनं लिंपायची आणि पहिली टोपली नवरीनंच डोक्यावरून आणायची. चोरखमाऱ्याच्या तलावामागे, टेकडीच्या पायथ्याशी आत्यानं कुदळीनं वारूळ फोडून माझी टोपली भरली. पांढुरक्या, आंधळ्या उधया धावत आल्या आणि भगदाड बुजवू लागल्या. "पाय पोरी," आत्या उधयांकडे बोट दाखवत म्हणाली, "तोंडातून शब्द नाई, सगळ्या मिळून बांधून रायल्या. बाईनं असंच रावा." ऊन चढलं म्हणून आम्ही जवळच्या गुहेत टेकलो. तिथे भिंतीवर एक रातकिडा होता, बिनपंखांचा, मुका, अंगाहून लांब मिशांचा. त्या मिशांनी दगड चाचपत तो एकटाच आत काळोखात निघाला होता. अंधार उधयांच्या आणि त्याच्या वाट्याला सारखाच होता, पण याला कोणी काम नेमून दिलं नव्हतं. मी बाहेर आले आणि भरलेली टोपली वारुळावर उपडी केली. "काऊन वं?" आत्या ओरडली. "त्याईची माती त्याईले दिली," मी म्हटलं, "मी नाई नेत." ती चूल लिंपलीच गेली नाही, लग्न मोडलं. एकटीनं कसं निभावलं असं अजूनही कोणी विचारतं. मी सांगते, त्या रातकिड्यासारख्या मिशा लांब ठेवल्या, आणि चौकट खरवडत राहते.