भरतीची वेळ आमी विचारली नाही

मंडळी, आज जे झालं ते लिहितेच.

आज बाबांना घेऊन अकोल्याहून कोकणातल्या एका गावी आली. बाबा हिवरखेडचे. जन्मभर शेती केली, समुद्र आज पहिल्यांदा पाहिला. सकाळी पाणी पार मागं सरकलं होतं अन् ओल्या वाळूत मधात एक खडक उघडा पडला होता. टेकडीवरून समुद्र लय छान दिसते म्हणे, पण बाबांचे गुडघे दुखतात. ते म्हणाले, "तू जाय वर. मी बसतो इथंच, खडकावर."

मलेही त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडं पूर उतरला की माणसं बिनधास्त नदीच्या पात्रात बसतात.

वाटेत थांबत थांबत दोनेक तासांनी टेकडीच्या टोकावर पोचली अन् खाली पाहिलं. वाळू नव्हतीच. चहूकडं पाणी, अन् मधात खडकावर उभे बाबा, चपला हातात घेऊन. मी ओरडली, पण वाऱ्यात माझा आवाज मलेच ऐकू येईना. पायवाटेनं कशी उतरली, आठवत नाही.

खाली आली तवा एक कोळीदादा छातीभर पाण्यातून त्यांना धरून आणत होता. माझ्यावर खेकसला, "भरतीची वेळ विचारायची नाय?"

बाबा थरथरत एवढंच बोलले, "मले वाटलं, गेलं म्हणजे गेलं."

मंडळी, आमी विचारणार तरी कावून? वावरातली विहीर आटली तवापासून, गेलेलं पाणी परत येताना आमी पाह्यलंच कुठं?