खांडबाऱ्याची काकडीवाली

मुलांनो, सुरतेच्या डॉक्टरांनी माझी हिरडी कापून टाके घातले, त्याच दिवशी मी आगगाडीने नंदुरबारला निघाले. बोलायची सक्त मनाई होती. गाल फुगत चालला होता आणि दोन दिवसांनी शिक्षिका म्हणून मला पहिल्यांदाच वर्गापुढे उभं राहायचं होतं.

शेजारची बाई माझ्या गालाला गरम फडकं लावू लागली, तेवढ्यात खांडबाऱ्याला चढलेली काकडीवाली ओरडली, "शेक नको व माय, आखो सुजी जाई!" तिने ओल्या गोणपाटातली गार काकडी माझ्या गालावर धरली. ती कोमट झाली की पदराला पुसून टोपलीत टाकायची आणि दुसरी काढायची.

"तुझा नवरा काय करतो?" शेजारणीने मला विचारलं.

"तू गप बठ, मी बोलस," काकडीवाली मला म्हणाली. "फौजदार शे!"

माझं तर लग्नही झालेलं नव्हतं. मला हसू फुटलं, टाके ताणले आणि उघड्या तोंडात तिला दिसले. तिने माझ्या ओठांवर तळवा ठेवला. "हसू नको, टाका तुटी जाई."

नंदुरबारला उतरताना ठणका ओसरला होता. नाव विचारायला मी तोंड उघडलं, तर तिने डोळे वटारले. मी मुकाट्याने तोंड मिटलं.

वर्गात मी स्पष्ट बोलले. तिचं नाव मात्र विचारायचं राहिलं ते राहिलंच.