छत्रीआडची विळी

मराठी चौथी झाली आणि माझी शाळा सुटली. पुढं दोन-तीन वर्षांत मी घाट उतरून दिवेआगरला सून म्हणून आले. वडील गाडीतून गूळ-कांदा घेऊन माणगावच्या बाजाराला येत. तिथं मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, गाठ पडली आणि दोघांनी तंबाखू चोळता चोळता सोयरीक जमवून टाकली. माहेर इतकं लांब, की वर्षातून एकदा जायला मिळालं तरी नशीब म्हणायचं.

मी होते उंच. सासरची माणसं ठेंगणी नि चपळ. घरातल्या प्रत्येक चौकटीनं पहिल्याच आठवड्यात माझ्या कपाळाशी ओळख करून घेतली. पण खरा जीव अडके तो विळीपाशी.

घरात विळ्या दोन. एक सासूबाईंची, त्यांच्या लग्नातली. धार लावून लावून पातं चंद्रकोरीएवढं उरलं होतं. त्या बसल्या की भाजी आपणहून चिरली जातेय असं वाटे. मी बसले की गुडघा हनुवटीला टेके, हात अवघडत, आणि वांग्याची एक फोड जाड तर एक बारीक. दुसऱ्या विळीचं पातं पाटात डुगडुगे. तिनं माझा अंगठा चांगलाच चाखला होता. शेजारची काकी म्हणे, "घाटावरच्यांनी भाकऱ्याच थापाव्यात गो. चिरणं त्यांच्या बापजाद्यांत न्हाय." सगळ्या हसत. मीही हसे, आणि जाड फोडी हळूच खाली लपवी.

त्यात नणंदेचं लग्न वैशाखात ठरलं. आमच्याकडे आदल्या दिवशी आळीतल्या बायका आपापली विळी घेऊन मांडवात येतात आणि ओळीनं बसून भाजीचे कच्चे फणस चिरतात. कुणाचा हात कसा, कुणाची विळी कशी, हे तिथं अख्ख्या गावाला दिसतं. मी तर जन्मात फणस चिरलेला नव्हता.

मामंजी गाडीत नारळ आणि कच्चे फणस भरत होते. सासूबाई मला म्हणाल्या, "हे माणगावला चाललेत. जा बरोबर आणि तुझी विळी तू आण. पण बसून बघ हां गो. उभ्यानं घेतलीस तर परत धाडीन."

"विळीला?" मी विचारलं.

"दोघींना!"

त्या हसत होत्या, हे मला दिसत होतं. तरी वाटभर मी ते 'दोघींना' मनात उगाळत राहिले.

मामंजी माझ्याशी थेट बोलत नसत, तशी रीतच होती. सांगायचं ते बैलांना सांगत. "काय रे, भूक लागली काय तुम्हांला? फडक्यात भाकरी हाय म्हणं." की मी समजून फडकं सोडायचं.

माणगावात आधी एका मोठ्या दुकानात गेलो. विलायती पोलादाची विळी, आरशासारखी. बैल लांब बांधलेले, म्हणून मामंजी दुकानाच्या खांबाला म्हणाले, "चकचकीत हाय, न्हाय?" मी बोटानं पातं ढकलून पाहिलं. पाटात जरासं हललं. 'नको' म्हणायची छाती होईना, म्हणून नुसती उभी राहिले. मामंजी खांबाला म्हणाले, "बरं, फुडं बघू."

पुढं रस्त्याकडेला फिरत्या लोहाराचं पाल होतं. तो सांडशीत लाल लोखंड धरी आणि त्याची बायको घण घाली. दोघांत एक शब्द नाही, पण घाव चुकत नव्हता. त्यानं एक विळी उचलून पात्याला टिचकी मारली. नाद घुमत राहिला, देवळातल्या घंटेसारखा. "मोडक्या मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद हाय," तो म्हणाला. "घाव हिचे, पाणी माझं." तापलेलं पातं पाण्यात कधी आणि किती बुडवलं, यावर त्याचा सगळा जन्म ठरतो, हे मला पुढं कळलं.

"बस," लोहारीण मला म्हणाली.

"इथं?"

"मग काय घरी नेऊन बसशील? नवरा काय बसून बघता येत न्हाय बाई, विळी येते. बस."

भर बाजारात, सासऱ्यासमोर, लुगडं सावरून एक गुडघा वर घेऊन बसायचं! इतक्यात फाटकन् आवाज झाला. मामंजींनी छत्री उघडली होती. माझ्याकडे पाठ करून त्यांनी ती रस्त्याच्या बाजूला तिरपी धरली आणि ते आभाळाकडे बघत उभे राहिले.

"काय मामा, वैशाखात पाऊस?" जाणाऱ्या एकानं टोला हाणला.

"येतोय. तू छत्री आणली न्हायस?"

त्या छत्रीआड मी बसले. गुडघा पुन्हा हनुवटीशी. लोहारणीनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "उंच हाय बया. लांब पाट घे, पातं फुडं सरकव," ती नवऱ्याला म्हणाली. लोहारानं दुसरा लांब पाट काढला, पात्याचं खालचं टोक लाल करून त्यात ठोकलं. जळत्या लाकडाचा वास सुटला. मी बसले, उठले. त्यानं आणखी जरा ठोकलं. पुन्हा बसले, तेव्हा मला गुडघे आहेत हेच मी विसरले.

गाडीतून येताना बरोबर घेतलेला एक लहान कच्चा फणस मामंजींनी न वळता मागं सरकवला. लोहारणीनं पात्याला खोबरेल पुसलं, म्हणजे चीक धरत नाही. मी फणस रेटला. काटे करकरले, आणि पातं आतल्या दांड्यासकट सरळ पार झालं. दोन भाग दोन बाजूंना पडले. मी मोठ्यानं हसले.

छत्रीपलीकडून आवाज आला, "चिरला काय गो पोरी?"

मला! बैलांना नाही, खांबाला नाही.

"चिरला, मामंजी."

घासाघिशीत पटाईत माणूस, पण त्या दिवशी लोहार बोलला तो दाम त्यांनी मुकाट दिला. ती विळी अजून माझ्यापाशी आहे. पातं झिजलं, पण पाटात कधी डुगडुगलं नाही. कुणीतरी आपल्या अंगाकडे नीट बघून एक वस्तू घडवली, याचं समाधान मला रोज सकाळी भाजी घेऊन बसताना मिळतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात मात्र काकी तयारच होती. "ही विळी हाय का होडी?" मी फणस पुढ्यात घेतला. एक झाला, दुसरा झाला. मग काकीनं आपल्या पुढ्यातला फणस माझ्याकडे ढकलला. "हा निबर हाय गो. बघ जरा तुझ्या होडीवर."

सासूबाईंना राहवेना. मला उठवून त्या स्वतः बसल्या. हात पात्यापर्यंत पोचेचनात. "अगो बाई, मला तिथवर वल्हवत जायला लागेल!" बायका पोट धरधरून हसल्या. मग त्यांनी आपली चंद्रकोर आणून माझ्या विळीशेजारी मांडली आणि म्हणाल्या, "सरक जरा, मला जागा दे."

मांडवाबाहेर मामंजी बैलांना पेंढा घालत होते. "ऐकलंत काय रे?" ते बैलांना म्हणाले. "परत न्हाय धाडलंन, दोघींना ठेवून घेतलंन."