तिसरा टाका

माझ्या थोरल्या जाऊबाई एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात बावीस वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या आहेत. तिथे त्यांना सगळे कडकबाई म्हणतात. ते चादरींमुळे की स्वभावामुळे, हे विचारायची कोणाची हिंमत नाही. मी त्यांना ताई म्हणते आणि घाबरत नाही, कारण माझंही तोंड काही कमी नाही.

दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचा डावा स्तन काढला. मग केमो, मग रेडिएशन, मग रोजची एक गोळी. केस पुन्हा आले, त्या कामावर जायला लागल्या आणि आम्ही घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकून आपापल्या उद्योगाला लागलो. त्या सुटल्या नव्हत्या. भाजी चिरता चिरता त्यांचा हात थांबायचा, जिन्यात त्या मध्येच उभ्या राहायच्या. विचारलं की ठरलेलं उत्तर, "काही नाही गं, वय झालं."

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "गोळीनं सांधे दुखतील, घाबरू नका. पण एकाच जागी दोन आठवड्यांच्या वर दुखलं, तर लगेच या."

गेल्या महिन्यात एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते. ताईंचा गाऊन उलटा केला, तर आतून डाव्या बरगडीच्या जागी लाल दोऱ्याचे दोन बारीक टाके. ताईंच्या कामातली ही रीत मला माहीत होती. धुऊन आलेल्या चादरीवर डाग राहिला, तर त्याच्याशेजारी एक लाल टाका घालायचा आणि चादर परत पाठवायची. पुन्हा डाग दिसला, की दुसरा टाका. तिसरा पडला की चादर बाद. तिची फडकी होतात.

मी कपाट उघडलं. आणखी दोन गाऊन निघाले. कुठे गुडघ्यापाशी एक टाका, कुठे पाठीवर एक. पण डाव्या बरगडीवर मात्र प्रत्येकात दोन.

ताई कामावरून आल्या आल्या मी तिन्ही गाऊन पुढ्यात टाकले. "हे काय?"

"दर रविवारी जिथं दुखतं तिथं घालते. लक्षात राहावं म्हणून."

"मग तिसरा कुठाय?"

ताईंनी एक गाऊन उचलून घडी घातली. मग म्हणाल्या, "तिसरा घालवत नाही गं. गाऊन बदलते."

"सहा आठवडे झाले, ताई! कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकताय?"

"ओरडू नकोस. एकदा कळलं की ते न कळल्यासारखं करता येत नाही."

माझा राग तिथेच विरघळला. आम्ही दोघी जमिनीवर बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओढतच नेलं. स्कॅन झाला. रिपोर्टला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत ताईंनी घरातल्या पायपुसण्यांनासुद्धा इस्त्री केली. कोणी त्यांना थांबवलं नाही. घरात जो तो हळू बोलत होता.

हाडं स्वच्छ निघाली. रेडिएशननं बरगडीजवळचे स्नायू आखडलेत, व्यायाम करा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला तर तिथेच उड्या माराव्याशा वाटल्या. ताईंनी फक्त विचारलं, "म्हणजे आत्ता नाहीये?"

"आत्ता नाही."

घरी येईपर्यंत ताई एवढंच घोकत होत्या. आत्ता नाही.

तेव्हापासून मी त्यांना "कशा आहात?" असं विचारतच नाही. त्याला "बरी आहे" हे उत्तर तयार असतं. रोज सकाळी चहा देताना विचारते, "आज कुठं दुखतंय?" मग त्या सांगतात. मनगट, टाच, मान. मी ऐकून घेते आणि दोघी कामाला लागतो.

काल विचारलं, तर ताई हसून म्हणाल्या, "आज कुठंच नाही."

आणि कप हातात धरून मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. खरं सांगत होत्या का?