सत्तारचाचांनी अंगावर घेतलेली विहीर

सत्तारचाचांनी माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर घाबरून मुख्य तेच राहून जाईल. महिन्यापूर्वी ते गेले. मी गुजरातच्या एका बंदरात बोटीवर होतो. त्यांच्या पुतण्याचा, अन्वरचा फोन आला, "चाचा गेले रे. सांजच्याले कब्रस्तानात मिट्टी हाये. पोचशीन का?" एवढ्या लांबून कसा पोचणार होतो...

दिग्रसला चाचांचं इंजिन दुरुस्तीचं दुकान. नववीत शाळा सुटली तेव्हा मला कुणी दारात उभं करत नव्हतं. त्यांनी हातात पाना दिला. पाच-सहा वर्षांनी, एका उन्हाळ्यात, महादेवरावांच्या मळ्यातल्या डिझेल इंजिनाचं तेल बदलायला मी एकटा गेलतो. महादेवराव यवतमाळला गेले होते. काढलेलं जुनं तेल, काळं आणि काकवीसारखं घट्ट, डब्यात भरून विहिरीच्या काठावर ठेवलं आणि माझाच पाय लागून डबा आत कलंडला. माणसं, जनावरं तेच पाणी पीत. हात धुवायला आणलेली साबणाची सगळी पावडर मी तवंगावर ओतली. ती त्यावरून घरंगळून पाण्यात गेली, तेल तसंच. मग दोराला बादली बांधून तासभर पाणी घुसळलं, आणि तवंग फुटला. वरून विहीर साफ दिसायला लागली तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

चाचा आले, त्यांनी बादलीभर पाणी काढून पाहिलं. चहासारखं गढूळ. "तेल वरतं होतं तवा कापसानं टिपून घेतलं असतं बेटा. कापसाच्या गावात राहतं, अन् साबन टाकतं? आता पान्यात कालवलं तू. कोन्या हातानं काढशीन?"

तेवढ्यात महादेवराव आले. "कोनं केलं हे?"

"माह्या हातून झालं, भाऊ," चाचा म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "डोळे साथ देत नाहीत आता."

"मंग घरी बसा, सत्तारभाई. लोकायच्या विहिरी कायले नासवता?"

चाचा हसले. दोन दिवस आम्ही विहीर उपसली. त्यानंतर त्यांना कुणी विहिरीवर बोलावलं नाही. मी गप्प राहिलो. हे काम सुटलं असतं तर कुठं गेलो असतो, एवढंच डोक्यात होतं. दुकानात त्यांनी काचेच्या बाटलीत पाणी, जळकं तेल आणि साबण घालून बराच वेळ हलवलं आणि मला दाखवलं. "पाह्य. गेलं नाही, लपलं."

आता माझं कामच ते आहे. समुद्रात तेल सांडलं की आमची बोट त्यावर औषध फवारते. औषधाच्या कणाचं एक टोक तेल धरतं, दुसरं पाणी. लाटा घुसळतात आणि तवंगाचे बारीक थेंब होऊन पाण्यात पांगतात. खोल समुद्रात ते विरळ होतात, बारीक जीव हळूहळू खातात. उथळ पाण्यात, मासळीच्या जागी, ते कुणालातरी बाधतंच. आणि तेल फार घट्ट असलं तर औषध आत मुरायच्या आधीच धुऊन जातं. मुलाखतीत साहेबांनी हेच विचारलं होतं, घट्ट तेलाचं काय? मी विहिरीची गोष्ट सांगितली. नोकरी लागली. डबा कुणाच्या पायानं कलंडला, ते मात्र तिथंही सांगितलं नाही.

परवा अन्वरचा फोन होता. "दुकान आवरून राह्यलो," म्हणाला. फळीवर एक बाटली सापडली, बूच लावलेली. "खाली पानी हाये, वरतं काळं तेल. फेकू का?"

इतक्या वर्षांत कुणी हलवली नसणार. तेल आपोआप वर आलंय.

फेकू नको म्हणालो. सुट्टी मिळाली की येतो. ती बाटली घेऊन महादेवरावांच्या विहिरीवर जाईन, मळ्यातल्या सगळ्यांसमोर सांगीन की डबा माझ्या पायानं कलंडला, चाचांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. चाचा, तुमचं नाव तुम्हाला परत करीन. थकलोय, भीती अजून वाटते... पण करीन.